टेक्सासचा शेजारी म्हणतो, ख्रिश्चनांचा छळ होतोय

माझा मावसभाऊ टेक्सासला असतो, डॅलसच्या बाहेर कुठेतरी, आणि रविवारी सकाळी त्याचा फोन आला की तासभर सुटका नाही, कारण त्याच्याकडे शनिवारची रात्र असते आणि त्याला झोपायची घाई नसते, इकडे माझा कुकर चढलेला असतो. या वेळी विषय निघाला त्याच्या शेजाऱ्याचा. शेजारी रिटायर्ड, पक्का चर्चवाला, बॅप्टिस्ट, माणूस म्हणून एकदम चांगला, याच्या घरात पाणी शिरलं तेव्हा स्वतःचा पंप घेऊन रात्री आलेला. तर या भल्या माणसाचं ठाम मत आहे की अमेरिकेत आज कुणाचा सगळ्यात जास्त छळ होत असेल तर तो ख्रिश्चनांचा. आणि भाऊ मला विचारतो, ताई, तुला काय वाटतं, यात काही तथ्य असेल का?

मी आधी हसलेच. म्हटलं, अमेरिकेत ख्रिश्चनांचा छळ म्हणजे इंदूरमध्ये पोह्यांवर बंदी. पण तो हसला नाही. म्हणाला, अगं तू त्याच्याशी बोल एकदा, तो खोटं नाही बोलत, त्याला खरंच तसं वाटतं.

आता ‘खरंच तसं वाटतं’ ही मजेशीर गोष्ट आहे, कारण असं वाटणारा तो एकटा नाही. २०१७ साली तिकडच्या पब्लिक रिलिजन रिसर्च इन्स्टिट्यूटने एक सर्व्हे केला होता, त्यात गोऱ्या इव्हँजेलिकल (म्हणजे बायबलला घट्ट धरून चालणाऱ्या प्रोटेस्टंट) लोकांपैकी ५७ टक्के म्हणाले की अमेरिकेत ख्रिश्चनांशी खूप भेदभाव होतो, आणि मुसलमानांशी खूप भेदभाव होतो असं म्हणणारे त्यांच्यातले ४४ टक्केच. म्हणजे त्यांच्या हिशेबाने मशिदीत जाणाऱ्यापेक्षा चर्चमध्ये जाणाऱ्याचं जास्त कठीण चाललंय. आणि हे त्या देशात, जिथे ख्रिसमसची सरकारी सुट्टी १८७० पासून आहे, नोटेवर देवाचं नाव आहे, शाळेतल्या प्रतिज्ञेत १९५४ पासून देव आहे आणि संसदेतले दर १०० पैकी ८७ खासदार स्वतःला ख्रिश्चन म्हणवतात.

मग त्रास नेमका कसला? भावाने यादीच सांगितली. दुकानात मुलगी ‘मेरी ख्रिसमस’ न म्हणता ‘हॅपी हॉलिडेज’ म्हणते. नातवाच्या शाळेत डिसेंबरचा कार्यक्रम ‘विंटर कॉन्सर्ट’ झाला. २०१५ मध्ये स्टारबक्सने कपावरचे बर्फाचे फुलोरे आणि हरणं काढून नुसता लाल कप आणला तेव्हा तर काही लोकांनी अक्षरशः गहजब केला, जसं काही येशूचं नावच पुसलं, आणि गंमत म्हणजे येशूचं नाव त्या कपावर आधीही कधी नव्हतं. शाळेतली प्रार्थना बंद झाली हे मात्र जुनं दुखणं आहे, १९६२ चं. तेव्हा सुप्रीम कोर्टाने सांगितलं की सरकारने लिहून दिलेली प्रार्थना सरकारी शाळेत म्हणवून घेता येणार नाही. पोराने स्वतःहून मनात किंवा डब्याच्या वेळी केली तर त्याला कोणी अडवलेलं नाही, अडवूही शकत नाही, पण शेजाऱ्याच्या तोंडी ते ‘देवाला शाळेतून हाकललं’ असंच आहे आणि साठ वर्षं तसंच आहे.

(ख्रिसमसवरून एक किस्सा सांगते, वाचून मलाच मजा वाटली. अमेरिकेत ख्रिसमसवर खरोखरची बंदी एकदा आली होती, १६५९ साली मॅसॅच्युसेट्समध्ये, सण पाळताना सापडलात तर पाच शिलिंग दंड. बंदी घालणारे कोण, तर प्युरिटन, म्हणजे सगळ्यात कडक ख्रिश्चन. त्यांना हा सण म्हणजे दारू, दंगा आणि बायबलच्या बाहेरची भानगड वाटायची. १६८१ ला ती बंदी उठली.)

बरं, हे वाटणं येतं कुठून? एक तर त्यांच्या पुस्तकातच आहे. डोंगरावरच्या प्रवचनात येशू सांगतो की नीतीसाठी ज्यांचा छळ होतो ते धन्य, स्वर्गाचं राज्य त्यांचं. आणि सुरुवातीची गोष्ट खरी पण आहे, नीरोने ६४ साली रोमच्या आगीचं खापर यांच्यावर फोडलं, ३०३ पासून डायोक्लेशियनने चर्च पाडली, ग्रंथ जाळले, माणसं मारली. पण ३१३ ला कॉन्स्टंटाइनने मोकळीक दिली आणि ३८० ला तर तोच साम्राज्याचा धर्म झाला. म्हणजे धर्म गादीवर बसला पण गोष्ट राहिली सिंहाच्या पिंजऱ्यातली. पिढ्यान्‌पिढ्या रविवारी तीच गोष्ट ऐकलेल्या माणसाला आपण सुखात आहोत हेच थोडं अवघड जात असेल, की आपला छळ कसा होत नाही, श्रद्धेत काही कमी तर नाही ना. हे माझं आपलं म्हणणं, धर्मशास्त्र मी शिकलेली नाही.

दुसरं कारण मला जास्त खरं वाटतं, आणि ते कळायला टेक्सासला जायची गरज नाही, इथे इंदूरच्या मराठी वस्तीत, रामबागेत जा.

आमच्या इंदूरच्या मराठी मंडळींमध्ये एक कायमचं रडगाणं आहे. कुणाच्याही मुंजीत, बारशात, गणपतीच्या आरतीनंतर चहा आला की सुरू होतं, आपल्यावर अन्याय झाला हो. एक काळ होता, दरबारात मराठी, दप्तरात मोडी, होळकरांचं राज्य, आपण म्हणजे गावाचे मालकच जणू, आणि आता बघा, मुलं घरात सुद्धा हिंदीत बोलतात, मराठी शाळा गेल्या, पाटीवर मराठी दिसत नाही, ‘यांनी’ आपल्याला संपवलं. माझे सासरे हे इतकं मनापासून सांगायचे की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी यायचं. पण ‘यांनी’ म्हणजे नक्की कोणी हे विचारलं की उत्तर मिळायचं नाही. विमानतळाला अहिल्याबाईंचं नाव, युनिव्हर्सिटीला अहिल्याबाईंचं नाव, सुमित्राताई महाजन इथून आठ वेळा खासदार, १९८९ ते २०१९, वरून लोकसभेच्या अध्यक्ष. सानंद या इथल्या मराठी संस्थेच्या नाटकाची तिकिटं मिळत नाहीत. कोणी आम्हाला मराठी बोलताना मारलंय का, घर नाकारलंय का, नोकरी अडवलीये का? नाही. झालं एवढंच की १९४८ ला संस्थान गेलं, गाव वाढलं, चारी बाजूंनी माणसं आली, आणि जी भाषा न विचारता चालायची ती आता विचारून चालते. आणि मुलांना इंग्लिश मीडियममध्ये कोणी घातलं, तर आपणच, ते पण मिशनरी कॉन्व्हेंटच्या फॉर्मसाठी पहाटे लायनीत उभं राहून. (ही लायन आमच्या आख्ख्या समाजाने लावली आहे, धर्मांतरावर रात्री मोठं मोठं फॉरवर्ड करणाऱ्या काकांनी पण.)

टेक्सासच्या शेजाऱ्याचं तेच आहे. २००७ साली अमेरिकेतले ७८ टक्के लोक स्वतःला ख्रिश्चन म्हणायचे, आता ६२. कोणी मारून नाही कमी केले, मुलंच उठून गेली. भावाने सांगितलं की शेजाऱ्याची दोन्ही मुलं चर्चला जात नाहीत, एक तर लग्न कोर्टात करून आला. यात दुःख आहे, खूप आहे, पण ते कुणाच्या माथी मारणार? मग ते दुकानातल्या मुलीच्या ‘हॅपी हॉलिडेज’वर निघतं.

भाऊ म्हणाला, म्हणजे सगळं मनाचंच का? नाही, तसंही नाही, आणि इथे मला त्याच्या बाजूने थोडं बोलावं लागलं. इंग्लंडमध्ये ब्रिटिश एअरवेजच्या एका बाईला गळ्यात छोटा क्रॉस दिसतो म्हणून घरी बसवलं होतं, तर युरोपच्या मानवी हक्क कोर्टाने २०१३ मध्ये तिच्या बाजूने निकाल दिला. त्याच निकालात एका नर्सची मागणी मात्र फेटाळली, कारण वॉर्डात गळ्यातल्या वस्तूने पेशंटला इजा होऊ शकते, आणि मला दोन्ही पटले. कोलोरॅडोचा तो केकवाला, ज्याने २०१२ मध्ये दोन पुरुषांच्या लग्नाचा केक करायला नाही म्हटलं, त्याच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने २०१८ ला ७ विरुद्ध २ ने सांगितलं की राज्याच्या कमिशनने त्याच्या श्रद्धेबद्दल तुसडेपणा दाखवला. दाखवलाच होता, त्या सुनावणीत एक सदस्य बोलताना फार घसरला होता. म्हणजे शिकल्या-सवरलेल्या लोकांमध्ये श्रद्धाळू माणसाकडे ‘हा अडाणी’ म्हणून बघायची सवय आहे, ती मी आपल्या इथेही बघते, आणि ती लागते माणसाला.

पण बघ ना, मी भावाला म्हटलं, ही तीन प्रकरणं तुला आणि मला कशामुळे माहीत? कारण ते कोर्टात गेले आणि कोर्टाने ऐकलं. शाळेच्या मैदानात मॅच संपल्यावर गुडघ्यावर बसून प्रार्थना करणारा फुटबॉल कोच, त्याची नोकरी गेली, तो २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टात ६-३ ने जिंकला. फेब्रुवारी २०२५ मध्ये तर राष्ट्राध्यक्षांनी स्वतः सही करून ख्रिश्चनविरोधी पूर्वग्रह शोधून काढायला टास्क फोर्स नेमला. मला वाटतं छळ ओळखायची खूण तीच आहे, तक्रार घेऊन गेलात की काय होतं? तुमचं लिहून घेतात, की तुम्हालाच बसवून ठेवतात?

पाकिस्तानात आसिया बीबी नावाची शेतमजूर बाई, २००९ ची गोष्ट, भर उन्हात फळं तोडताना विहिरीवरचं पाणी त्याच भांड्याने प्यायली म्हणून बरोबरच्या बायकांशी वाजलं, तू ख्रिश्चन, तू हात लावलास, आम्ही कसं प्यायचं. (हे वाक्य आपल्याकडे कुणाला नवीन वाटायला नको.) त्या भांडणातून ईशनिंदेचा आरोप, २०१० ला फाशीची शिक्षा, २०१८ ला सुटका, मधली सगळी वर्षं तुरुंगात. २०१५ मध्ये लिबियाच्या किनाऱ्यावर २१ मजुरांचे गळे कापले, २० इजिप्तचे कॉप्टिक ख्रिश्चन आणि एक घानाचा. याला म्हणतात छळ, आणि लाल कप याच रांगेत आणून ठेवला की मला राग येतो, त्या २१ जणांच्या वतीने येतो.

आणि लांब कशाला. इंदूरहून नर्मदेकडे जाताना उदयनगर लागतं, देवास जिल्ह्यात. तिथे केरळहून आलेल्या सिस्टर रानी मारिया आदिवासी मजुरांना सावकाराच्या व्याजातून सोडवायचं काम करायच्या, बचत गट, सरकारी योजनांचे अर्ज, असलं साधं काम. २५ फेब्रुवारी १९९५, इंदूरला येणाऱ्या बसमध्ये, भरल्या बसमध्ये, समंदर सिंग नावाच्या माणसाने त्यांना सुऱ्याने भोसकलं, पन्नासच्या वर जखमा, आणि बसमधले लोक बघत राहिले. आता धर्मासाठी मारलं की व्याजाच्या पैशासाठी, तुम्ही काय ते ठरवा, मला तर वाटतं व्याज बुडायला लागलं की ‘धर्मांतर’ ही हाळी फार सोयीची पडते. पुढचं जास्त ऐकण्यासारखं आहे. २००२ मध्ये त्यांची धाकटी बहीण, ती पण सिस्टरच, इंदूरच्या जेलमध्ये गेली आणि समंदर सिंगला राखी बांधून आली. घरच्यांनी माफीचा अर्ज केला, २००६ ला तो सुटला, मग केरळला त्यांच्या घरी गेला, आणि आईने त्याचे हात हातात घेऊन मुके घेतले, म्हणाली या हातांना माझ्या लेकीचं रक्त लागलंय. ४ नोव्हेंबर २०१७ ला रोमच्या चर्चने रानी मारियांना ‘धन्य’ जाहीर केलं, सोहळा इंदुरातच झाला. माझ्या ओळखीच्या दहा मराठी घरांत विचारा, नऊ जणांना हे नावच माहीत नाही.

कायद्याचं पण बघा. आमच्या मध्य प्रदेशात धर्म बदलण्यावरचा कायदा १९६८ पासून आहे, त्याच्या आधी १९५६ ला नियोगी समितीचा रिपोर्ट आला होता मिशनऱ्यांवर. २०२१ चा नवा कायदा आणखी कडक, धर्म बदलायचा तर ६० दिवस आधी कलेक्टरला कळवा, काही प्रकरणांत १० वर्षांपर्यंत शिक्षा, आणि बापजाद्यांच्या धर्मात परत गेलात तर ते मात्र धर्मांतर धरतच नाहीत. ६० दिवसांच्या त्या कलमावर हायकोर्टाने नोव्हेंबर २०२२ मध्ये प्रथमदर्शनी घटनाबाह्य म्हणून ताशेरे मारले. आमिष दाखवून, फसवून धर्म बदलवणारे नसतातच असं मी म्हणत नाही, असतील, त्यांना धरा. पण राज्यात ख्रिश्चन किती, तर २०११ च्या जनगणनेत ०.२९ टक्के. हजारात तीन.

त्या हजारातल्या तिघांपैकी एक माझी मैत्रीण. नर्स आहे, सरकारी हॉस्पिटलात. मराठीच, मूळची नगरकडची, पणजोबा मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर म्हणून इकडे आले. घरात ना. वा. टिळकांची गाणी टाळ-पेटीवर म्हणतात, क्रिसमसला केक असतोच पण गुजिया आणि शेव जास्त संपते. टिळकांवरून आठवलं, १८९५ ला त्यांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांना आणि लक्ष्मीबाईंना ज्यांनी जीव नको केला ते काही रोमन नव्हते, आपलेच पाटावर बसून जेवणारे लोक होते. असो.

तर हिच्या घरी महिन्यातून एकदा प्रार्थनेला पाच-सहा कुटुंबं जमतात. आधी मोठ्याने गायचे, आता खिडक्या लावून हळू गातात, टाळ्या बंद. स्कूटर दारात लावायच्या नाहीत, लांब लांब लावायच्या, घोळका दिसला की कोणीतरी व्हिडिओ काढतं. दोन वर्षांमागे गल्लीतली चार पोरं आली, काय चाललंय, कुणाला बाटवताय, आणि पोलिस आल्यावर त्यांनी पोरांना घरी पाठवलं आणि हिच्या नवऱ्याला रात्री दहापर्यंत ठाण्यात बसवून ठेवलं. कशाबद्दल? लिहून काहीच दिलं नाही. जन्माने ख्रिश्चन असलेल्या, चौथ्या पिढीच्या माणसाला विचारत होते की तू कधी धर्म बदललास.

हे मी भावाला सांगितलं, तर तो गप्प झाला, मग म्हणाला, पण हे शेजाऱ्याला सांगितलं तर तो म्हणेल बघा, हेच म्हणतोय मी, जगभर आमचा छळ चाललाय. बरोबर आहे, तो असंच म्हणणार. माझ्या मैत्रिणीच्या बंद खिडक्यांवर तो स्वतःच्या विंटर कॉन्सर्टचं ओझं टाकणार. आणि आमचे इकडचे काका उलट्या बाजूने, ‘अमेरिकेत बघा कसे रडतात, म्हणजे इथलेही नाटकच करतात’ असं म्हणून मोकळे. म्हणजे टेक्सासच्या रडण्याचा भुर्दंड आमच्या गल्लीत भरायचा.

परवा मैत्रीण भेटली तेव्हा तिला ही सगळी कथा ऐकवली. मला वाटलं चिडेल. ती म्हणाली, अगं, त्या बाबाची मुलं चर्चला येत नाहीत ना, त्याचं दुखत असणार, आमची पण येत नाही, रविवारी तिचा कोचिंगचा टेस्ट असतो. मग मी म्हटलं, आणि तुझं? तर म्हणाली, माझं काय, तुम्ही लोक मला भेटलात की एकतर बिचारी म्हणता नाहीतर धर्मांतर विचारता. पंचवीस डिसेंबरला मला नाइट लावलीये, ती सगळ्यांना लागते, दिवाळीत मी सुट्टी घेतली होती, हिशेब बरोबर. पण खरगोनला बदली काढलीये ती कशी थांबवायची ते सांग, तुझ्या नणंदेची कोणी ओळख आहे ना भोपाळला?

नणंदेला फोन केलाय, बघू.